भीती वाटते तेव्हा देवावर भरवसा कसा ठेवायचा? नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी

रिपोर्ट बुधवारी मिळणार होता. आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, म्हणजे मधे ८ दिवस. मी ३१ वर्षं नर्सिंग केलेली बाई. रात्रपाळीला वॉर्डाबाहेर बसलेल्या किती नातेवाइकांना मी सांगितलं असेल, "घाबरू नका, देवावर सोडा." स्वतःची पाळी आली तेव्हा मला प्रभूची प्रार्थना धड शेवटापर्यंत म्हणता येईना. 'आमची रोजची भाकर' इथपर्यंत यायचं आणि मन पुन्हा त्या गाठीपाशी जाऊन बसायचं.

त्याला आता ९ वर्षं झाली. त्या ८ दिवसांत जे हाती लागलं, आणि नंतर आमच्या मंडळीत नव्याने आलेल्या लोकांबरोबर बसून जे पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही नुकतेच प्रभूकडे आला असाल, बायबल कुठून उघडायचं हेही अजून नीट कळत नसेल, आणि भीतीने रात्री डोळा लागत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. आज एक पायरी केलीत तरी पुष्कळ झालं.

आधी भीतीची लाज सोडा

नव्या विश्वासणाऱ्याला भीतीपेक्षा भीतीची लाज जास्त छळते. "ताई, बाप्तिस्मा घेतला, रोज बायबल वाचते, तरी घरमालकाचा फोन आला की हात थरथरतात. माझा विश्वास खोटा आहे का?" असं दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच. विश्वासात आलं की भीती जाते, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, नाहीतर साक्षी ऐकून त्यांनी स्वतःच तसं समजून घेतलेलं असतं.

मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढायला सांगते, ३५ ते ४१ वचनं. गालील समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर. सुमारे २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली, भोवती डोंगर. डोंगरांवरून वारा उतरला की पाणी अचानक खवळतं. नावेत पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान होते. ही याच पाण्यावर वाढलेली, मासेमारी करून पोट भरणारी माणसं. म्हणजे भ्यायला नवशिके नव्हते. आणि येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीला डोकं टेकून झोपलेला.

त्यांनी त्याला उठवून विचारलं, "गुरुजी, आपण बुडतो ह्याची आपल्याला काळजी नाही काय?" हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. यात नम्रता नाही, स्तुती नाही. ही चक्क तक्रार आहे. पण ती त्यांनी योग्य माणसाकडे केली. मार्क लिहितो त्याप्रमाणे येशूने उठून आधी वारा शांत केला आणि मग त्यांना विश्वासाबद्दल विचारलं. 'आधी नीट विश्वास ठेवा, मग उठतो' असं तो म्हणाला नाही. मला या क्रमाचा फार आधार वाटतो.

आणि क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेतला येशू स्वतः? त्याचा जीव व्याकूळ झाला होता, तीन मित्रांना त्याने जवळ जागं राहायला सांगितलं, आणि तीच प्रार्थना तीन वेळा केली. तुम्ही एकच मागणं दहा वेळा करत असाल तर संकोच करू नका. त्यानेही केलं होतं.

जाता जाता एक सांगते. 'बायबलमध्ये भिऊ नका हे ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक' असे मेसेज फिरतात. मोजायला बसलं तर तेवढे भरत नाहीत. पण पुष्कळ वेळा आहे हे खरं, आणि देव माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण माणूस पुन्हा पुन्हा भितो हे त्याला ठाऊक आहे.

मग शरीराकडे बघा

रिपोर्टच्या वाटेवरचा तिसरा दिवस. दुपारी आमच्या मंडळीतल्या एक आजी घरी आल्या. हातात डबा: ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. मला वाटलं आता त्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी काहीतरी पुटपुटले. "आधी जेव. प्रार्थना कुठे पळून जात नाही." मी शेवटचा घास खाईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. आदल्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात चहा-बिस्किटांशिवाय काही गेलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कितीतरी दिवसांनी १ राजे १९ वाचताना मला त्या आजी दिसल्या. ईजबेल राणीने जीव घेण्याची धमकी दिली म्हणून एलीया संदेष्टा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि 'आता माझा जीव घे' असं देवाला म्हणाला. देवाने काय केलं? दूत पाठवला. दूताने एलीयाला स्पर्श करून सांगितलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. उपदेश एका शब्दाचा नाही. देवाचं बोलणं पुढे, डोंगरावर पोचल्यावर.

म्हणून घाबरला असाल तेव्हा प्रार्थनेला बसण्याआधी हे बघा: शेवटचं कधी जेवलात? पाणी किती प्यालात? काल रात्री किती झोप झाली? चहा-कॉफीचे किती कप झाले? हे अध्यात्माबाहेरचे प्रश्न आहेत असं मला अजिबात वाटत नाही.

छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही असं वाटणं, आता आपण मरणार अशी खात्री, हे सगळं एकदम आलं तर तो घबराटीचा झटका असू शकतो. शरीर संकटाशी लढायला तयार होतं, पण समोर लढायला कोणी नसतं. साधारणतः ८-१० मिनिटांत तो शिखराला पोचतो आणि मग उतरू लागतो. तोवर पाय जमिनीवर टेकून बसा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती हळू व्हायला मदत होते. या श्वासावर छोटी प्रार्थना बसवता येते. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत ही रीत फार जुनी आहे. श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता', सोडताना 'मजवर दया कर'. तेवढंच. लांब प्रार्थना त्या वेळी जमत नाही आणि जमवायची गरजही नाही.

एक सूचना मात्र नर्स म्हणून. छातीत असं पहिल्यांदाच झालं असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर 'माझी भीतीच असेल' असं ठरवून घरी बसू नका. दवाखाना गाठा, ईसीजी काढून घ्या. थायरॉइड वाढलेला असेल किंवा रक्त कमी असेल तरीही धडधडतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

भीती कागदावर उतरवा आणि देवापुढे पसरा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडी थांबते.

इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची एकामागून एक गावं घेत यरुशलेमेपर्यंत आला. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखात त्याने लिहवून ठेवलं आहे की यहूदाच्या हिज्कीया राजाला आपण पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. त्याने हिज्कीयाला धमकीचं पत्र पाठवलं: तुझा देव तुला वाचवेल या भ्रमात राहू नकोस. २ राजे १९:१४ मध्ये हिज्कीयाने काय केलं ते आहे. त्याने पत्र वाचलं, परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरलं. मगच तोंड उघडलं. प्रार्थनेत त्याने 'अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली आहेत हे खरं आहे' असं सरळ म्हटलं. धमकी फुसकी आहे असं स्वतःला पटवायच्या भानगडीत तो पडला नाही.

आजींनी मला हेच करायला सांगितलं, त्यांच्या भाषेत: "जे जे भ्या वाटतं ते लिही. देवाला वाचता येतं."

मुलाची एक अर्धी वापरलेली वही घेतली. पहिल्या ओळीवर 'कॅन्सर' लिहून झालं, आणि मला वाटलं झालं, एवढंच आहे. मग पेन थांबेना. ऑपरेशनचा खर्च. मुलगा बारावीला आहे, त्याला कधी सांगायचं. केस जातील. सासूबाईंना आंघोळ कोण घालेल. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी बारीक अक्षरात, मरण. सहा ओळी. तीन दिवस माझ्या छातीवर बसलेला डोंगर मोजून सहा ओळींचा निघाला. लहान नव्हता, पण आता त्याला टोकं दिसत होती.

तुम्हीही असं करा. 'मला टेन्शन आहे' असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. नक्की काय होईल याची भीती आहे ते लिहा. 'नोकरी जाईल' लिहिलंत तर त्याच्या पुढे लिहा: गेली तर काय? हप्ता थकेल. मग? लोक काय म्हणतील. कित्येकदा खरी भीती तिसऱ्या-चौथ्या 'मग'पाशी सापडते.

त्यानंतर प्रत्येक ओळीपुढे बघा, यात माझ्या हातात काही आहे का. खर्चाच्या ओळीपुढे मी लिहिलं: विम्याचे कागद काढणे. सासूबाईंच्या पुढे: नणंदेला फोन. मुलाच्या पुढे लिहिलं 'पेपर संपेपर्यंत सांगायचं नाही', आणि यजमानांनी ते वाचून खोडलं. "तो लहान राहिलेला नाही," म्हणाले. त्यांचंच बरोबर होतं. सहाव्या ओळीपुढे मला काही सुचेना. तिथे मी फक्त 'प्रभू' एवढं लिहिलं आणि वही उघडीच टेबलावर ठेवून गुडघे टेकले.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." हे पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिलं आहे. 'कळवा' या शब्दाकडे लक्ष द्या. देवाला आधीच माहीत असतं, तरी कळवायला सांगितलं आहे, कारण कळवताना आपल्यालाच ते नीट दिसतं. आणि आभार मोठ्या गोष्टींचे लागतात असं नाही. त्या दिवशी माझ्या वहीत आभाराची एकच ओळ होती: मेथीची भाजी.

चिंता 'टाकणं' म्हणजे काय

"त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." १ पेत्र ५:७. हे वचन बहुतेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं. नवा माणूस विचारतो, टाकली, पण ती परत येते, त्याचं काय करायचं?

मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच लूक १९:३५ मध्ये आहे. शिष्यांनी गाढवाच्या शिंगरावर आपली वस्त्रं टाकली आणि येशूला बसवलं, तिथे. म्हणजे ओझं आपल्या अंगावरून उचलून दुसऱ्याच्या पाठीवर घालणं. ओझं नाहीसं होत नाही, वाहणारा बदलतो. पेत्राच्या मनात स्तोत्र ५५:२२ असावं: "तू आपला भार परमेश्वरावर टाक म्हणजे तो तुझा पाठिंबा होईल."

आणि सातवं वचन सहाव्यापासून तोडून वाचू नका. सहाव्यात पेत्र म्हणतो, देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा. ग्रीकमध्ये दोन्ही मिळून एकच वाक्य आहे. लीन होणं आणि चिंता टाकणं इथे एकाच हालचालीत येतं. सगळं मीच सांभाळलं पाहिजे, मी जागी राहिले तरच घर चालेल, हा हट्ट माझ्यात फार होता. नर्स असल्यामुळे तो जास्तच पोसला गेला होता.

चिंता परत आली तर पुन्हा टाका. दिवसातून वीस वेळा आली तर वीस वेळा. यात काही चुकतं आहे असं समजू नका. वहीतल्या त्याच ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, 'प्रभू, ही तुझ्याकडे दिलेली आहे.' मी मोठ्याने म्हणते. घरात कोणी असलं तरी.

थोडी वचनं पाठ हवीतच

घाबरल्यावर शोधाशोध होत नाही, म्हणून आधी पाठ करून ठेवा. आठवड्याला एक पुरे. सुरुवात स्तोत्र ५६ च्या तिसऱ्या वचनाने करा. भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भाव ठेवीन, असं दावीद म्हणतो. 'वाटेल तेव्हा', म्हणजे ती वाटणार हे त्याने धरूनच ठेवलं आहे. मग स्तोत्र २३ आणि १२१ पूर्ण, मत्तय ६:३४, यशया ४१:१०. मोठ्याने वाचा, हाताने लिहा, स्वयंपाकघराच्या फळीला चिकटवा.

विलापाची स्तोत्रंही सोडू नका. तेराव्यात 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' तोंडातून निघत नाही, त्या दिवशी ८८ वाचा. तीही प्रार्थनाच.

आपल्या मराठीत हे शब्द आणण्यासाठी ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांत पंडिता रमाबाई आहेत. दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, पदरात तान्ही मनोरमा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल भाषांतरित करायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. त्यांचा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. केडगावच्या माळावर त्यांनी शेती केली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला. गुडघे टेकणं आणि फावडं उचलणं यात निवड करायची असते असं त्यांना कधी वाटलेलं दिसत नाही.

एकट्याने सोसू नका

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडलं. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. ज्या दिवशी तुमचा विश्वास उठून बसत नाही, त्या दिवशी बाज धरणारी माणसं लागतात. ती आधीपासून शोधून ठेवा. पाळक असतील, कॅथलिक असाल तर तुमचे फादर, महिला मंडळातली एखादी बाई, घरगुती प्रार्थनासभेतलं एखादं जोडपं. दोघं-तिघं पुरे.

सांगताना काही गोष्टी सांभाळा. "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हटलं तर समोरच्याला काय मागायचं कळत नाही. "गुरुवारी माझी मुलाखत आहे, आदल्या रात्री मला झोप लागावी म्हणून प्रार्थना करा" असं म्हणा. आणि गोष्ट खासगी असेल तर तेही सांगा: "हे ग्रुपवर टाकू नका." प्रार्थनेचा विषय म्हणून एका घरची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली मी पाहिली आहे, आणि त्या घरातल्या मुलीने पुढे महिनाभर उपासनेला येणं टाकलं होतं.

घरच्यांना तुमच्या विश्वासाबद्दल अजून सांगितलं नसेल, किंवा सांगून वाद झाले असतील, तर ती भीती वेगळी असते आणि फार एकटं पाडते. अशा वेळी घाईने ठामपणा दाखवायला जाऊ नका. आईवडिलांशी बोलणं तुटू देऊ नका, त्यांच्या दुखण्याखुपण्याला हजर राहा, आणि याच वाटेने आधी गेलेल्या एखाद्या विश्वासणाऱ्याशी मन मोकळं करा. प्रत्येक मंडळीत असं कोणी ना कोणी असतं.

कोणापासून लांब राहायचं तेही लिहिते. माझं आजारपण कळल्यावर एका गृहस्थांनी मला घरी येऊन सांगितलं, "सिस्टर, कुठेतरी अविश्वास आहे, म्हणून हे आलं." ते गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. नीतिमान असूनही दुःख सोसलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. तुम्हाला कोणी असं बोललं तर ते देवाचं बोलणं समजू नका. गोळ्या बंद करा, मग बरे व्हाल, असं सांगणारा, किंवा खास प्रार्थनेसाठी पैसे मागणारा दारात आला तर दार लावून घ्या.

डॉक्टरकडे कधी जायचं

भीती बहुतेक दिवस आणि आठवड्यामागून आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, कामावर जाणं किंवा घराबाहेर पडणं अवघड झालं, झटके वारंवार येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मधुमेहाला गोळी घेणारा विश्वासणारा आपल्याला खटकत नाही, मग याला का खटकावा? पौल लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो आणि वैद्य सोबत घेऊन हिंडतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असा उपायही सांगतो. नुसती प्रार्थना कर, म्हणत नाही.

चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका. बोलण्यातून होणारे उपचारही असतात, त्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येतं.

जगण्याचाच कंटाळा आला असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि घरातल्या, शेजारच्या कोणाला तरी आत्ता सांगा, किंवा तो नंबर लावा. एकटे राहू नका. एलीयालाही मरावंसं वाटलं होतं आणि देवाने त्याला रागे भरलं नाही.

रात्रीसाठी

पहाटे तीनला सगळं मोठं दिसतं. रात्रपाळीत मी हे शेकडो माणसांत पाहिलं आहे. संध्याकाळी हसत बोलणारा पेशंट तीनला बेल वाजवतो आणि विचारतो, "सिस्टर, मी वाचेन ना?" म्हणून एक नियम करा: रात्री अकरानंतर कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि आजाराबद्दल मोबाइलवर काही शोधायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उशाशी वही आणि पेन. जाग आली आणि काही सुचलं तर एक ओळ लिहायची, 'सकाळी बघू' म्हणायचं. "उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे," हे वचन मला रात्रीच जास्त कळतं. वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसा, मंद दिव्यात एक स्तोत्र वाचा, डोळे जड झाले की पुन्हा पडा.

काही रात्री तरीही झोप येणार नाही. त्या रात्रीत देव नव्हता असं मानू नका.

पुढे

तो बुधवार आला. रिपोर्ट चांगला नव्हता. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. वहीतल्या सहा ओळींपैकी चार खऱ्या झाल्या. मुलगा पेपर देऊन दुपारी थेट वॉर्डात यायचा. सासूबाईंकडे नणंद राहिली. मी खूप भ्याले, आणि भीत भीतच एकेक दिवस पार पडला.

अजूनही दर वर्षी तपासणीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. वही काढते, लिहिते, पसरते. आजी पाच वर्षांपूर्वी गेल्या. यंदा सकाळी साडेसहाला दार वाजलं. घरमालकाच्या फोनने जिचे हात थरथरायचे ती मुलगी उभी होती, हातात डबा. मॅमोग्राफीला उपाशी राहावं लागत नाही, हे तिने आदल्या दिवशीच कोणाला तरी विचारून घेतलं होतं.